जहाजाच्या पोटाखाली मराठवाड्याची पोरं

फोटोत वर लाल-काळं दिसतंय ते जहाजाचं पोट, एरवी कायम पाण्याखाली. आणि खाली पिवळ्या हेल्मेटमधली ही पोरं परभणी, बीड, लातूरकडची, नोकरीला येईपर्यंत बऱ्याच जणांनी समुद्र फक्त टीव्हीवर बघितलेला.

एवढं मोठं धूड कोरड्यावर येतं कसं? आधी रिकाम्या गोदीत, म्हणजे पाणी आत घेता आणि बाहेर काढता येणाऱ्या खड्ड्यात (ड्राय डॉक), जहाज टेकवायचे हे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, मांडतात, प्रत्येक जहाजाचं ड्रॉइंग बघून वेगवेगळे, कारण हजारो टन वजन यांच्यावरच बसणार, एखादा ब्लॉक भलतीकडं बसला की तळाची प्लेट दबलीच समजा. मग व्हॉल्व्ह उघडून गोदीत पाणी घेतात, आतबाहेर लेव्हल झाली की गेट निघतं. हे गेट म्हणजे पोकळ लोखंडी पेटीच आहे, आतलं पाणी काढलं की तरंगते, भरलं की जागेवर बसते. जहाज आत, दोर ताणून मधोमध, गेट बंद, पंप चालू. आपल्याकडं गाळ काढायच्या आधी विहिरीवर मोटार लावतात, तसंच, फक्त हे तासन् तास चालतं. ब्लॉकवर टेकायच्या वेळी डायव्हर खाली जाऊन जागा बघून येतो.

मुंबईला हे जुनंच. सुरतेहून आलेल्या, जहाजं बांधणाऱ्या लवजी वाडियांची बॉम्बे गोदी 1750 ची, ह्यूजेस ड्राय डॉक 1914 ची, लांबी हजार फूट. त्यातही विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीतली आंग्र्यांच्या आरमाराची गोदी बघाच, खडकात खोदलेली, पंप कुठला, सगळा हिशोब भरती-ओहोटीचा.

आता हा क्लोजअप. प्लेटवर जेल लावून जाडी मोजायच्या मशीनचा प्रोब टेकवला की जाडी आकड्यात दिसते. 12 एमएमची प्लेट 9 वर आली म्हणजे पाव भाग खारं पाणी खाऊन गेलं, मग खडूनं चौकोन आखायचा, कापायचा, नवीन प्लेट वेल्ड. शेजारी त्या जस्ताच्या वड्या, समुद्र आधी जस्त खातो म्हणून लोखंड वाचतं. बार्नेकल म्हणजे ते चिकटलेले, शिंपल्यासारखे दिसणारे पण खेकड्याच्या जातीतले कवचाचे जीव, जेट मारून, खरवडून काढतात, नाहीतर जहाज जड चालतं, डिझेल जास्त पितं. वरून रंग. कथिलाचा विषारी रंग 2008 पासून जगभर बंद झालाय.

जहाजाच्या टाकीतलं वेल्डिंग सगळ्यात अवघड, गॅस तपासून परमिट मिळाल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, तिथं कॅमेरा नेऊ दिला नाही.

जहाजाच्या प्लेटचा जॉइंट मारायला क्लासिफिकेशन सोसायटीची, म्हणजे जहाजं तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची, वेल्डर टेस्ट पास लागते. आपल्या आयटीआयमधून दरवर्षी वेल्डर पोरं निघतात, त्यांना ही टेस्ट सांगतं कोण? इथं आलेले बहुतेक गाववाल्याच्या ओळखीनंच आलेत. काम ठेकेदाराकडं, जहाज गेलं की पुढचं येईपर्यंत घरी.

गोदीत परत पाणी सोडलंय. अर्धी भरल्यावर थांबवतात, फोरमन जहाजात उतरून त्याचा एकेक व्हॉल्व्ह बघतो, गळती नाही म्हटलं की मगच पुढं.