उत्तर वाऱ्याची सासुरवाडी

श्रोतेहो, नमस्कार. ग्रीक पुराणकथा आणि तत्त्वज्ञानाचा उदय यांचे नाते हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ही कहाणी साधारणपणे अशी सांगितली जाते की, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकापर्यंत ग्रीक लोक विजेमागे झ्यूसचा आणि भूकंपामागे पोसायडनचा हात पाहत होते. मग आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील मिलेटस या बंदरात थेलीस नावाचा एक गृहस्थ, सर्व काही पाण्यापासून झाले आहे, असे म्हणाला, आणि तेव्हापासून कथा मागे पडून विचार पुढे निघाला. ही मांडणी सुटसुटीत आहे, परीक्षेत हमखास गुण मिळवून देणारी आहे, आणि माझ्या मते अर्ध्याहून अधिक चुकीची आहे.

थेलीसचेच पाहा. पृथ्वी पाण्यावर तरंगते, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते पाणी हेलकावले की भूकंप होतो, असे स्पष्टीकरण त्याच्या नावावर नोंदलेले आहे. आता होमरच्या काव्यात समुद्राचा देव आणि पृथ्वीला हादरवणारा देव एकच आहे, तो म्हणजे पोसायडन. आणि त्याच होमरने ओकिअनस या जलप्रवाहाला सर्वांचे उगमस्थान म्हटले आहे. म्हणजे थेलीसने देवाला रजा दिली, पण पाणी आणि भूकंप यांची जोडी जशीच्या तशी ठेवून घेतली. थेलीसला या परंपरेचा आद्य पुरुष मानणाऱ्या ॲरिस्टॉटललाही हे साम्य ठाऊक होते. प्राचीन कवींचे मत असेच होते, असे काही लोक मानतात, याची नोंद त्याने केलेली आहे.

थेलीसनंतरचा ॲनॅक्झिमँडर म्हणतो की, वस्तू एकमेकींवर केलेल्या अन्यायाची भरपाई काळाच्या आज्ञेनुसार एकमेकींना देतात. हे वाक्य निसर्गाविषयी आहे आणि भाषा न्यायसभेची आहे. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी देवांची चित्रे बैलांसारखी आणि घोड्यांसारखी काढली असती, असे सुनावणारा झेनोफनीस होमरवर तुटून पडला खरा, पण तोही होमरच्याच वृत्तात. पार्मेनिडीसने तर आपले सारे तत्त्वज्ञान एका देवीच्या तोंडी घातले, आणि तिच्याकडे तो सूर्यकन्यांनी मार्ग दाखवलेल्या रथातून गेला. पुन्हा सांगतो, कारण हा मुद्दा ऐकताना निसटतो: प्रश्न कथेने विचारून ठेवले होते, तत्त्वज्ञांनी ते उचलले, आणि उत्तरे बदलली तरी कथेचे घर त्यांनी एकदम सोडले नाही.

आता ज्या हकिगतीसाठी मी हा विषय हौसेने निवडला, तिच्याकडे वळतो. ती प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादाच्या आरंभी येते. परंतु ती नीट कळायची, तर आधी अथेन्सच्या जावयाची ओळख करून घ्यावी लागेल. अथेन्सचा पौराणिक राजा इरेक्थिअस याची कन्या ओरिथिया नदीकाठी खेळत असता बोरिअसने, म्हणजे उत्तर वाऱ्याने, तिला उचलून नेले आणि पत्नी केले. त्यामुळे उत्तर वारा हा साऱ्या अथेन्सचा जावई ठरला. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस प्रचंड आरमार घेऊन ग्रीसवर चालून आला, तेव्हा आपल्या जावयाला मदतीला बोलवा, असा देववाणीचा कौल अथेन्सवासीयांना मिळाला, आणि त्यांनी बोरिअसची आणि ओरिथियाची प्रार्थना केली. त्याच सुमारास ग्रीसमधल्या मॅग्नेशियाच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झाले आणि, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने दिलेल्या सर्वांत कमी आकड्यानुसार, इराणी आरमाराची ४०० जहाजे फुटली. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात. अथेन्सला हा ग्रह ऐन वेळी अनुकूल झाला. इराणी आरमारावर बोरिअस खरोखर याच कारणाने कोसळला का, हे मी सांगू शकत नाही, असे हिरोडोटस लिहितो, आणि पुढे लोकांचे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदवतो. आजच्या वृत्तनिवेदकांनी हा संयम शिकून घ्यावा, असे मला फार दिवस वाटत आले आहे, असो. युद्धानंतर अथेन्सवासीयांनी इलिसस नदीच्या काठी या जावयाचे देवस्थान उभारले.

याच इलिसस नदीच्या काठाने सॉक्रेटिस आणि त्याचा मित्र फीड्रस उन्हाळ्यातल्या एका दुपारी चालले आहेत. सॉक्रेटिस नेहमीप्रमाणे अनवाणी आहे, योगायोगाने फीड्रसही अनवाणी आहे, आणि फीड्रसने अंगरख्याखाली एका प्रसिद्ध लेखकाच्या भाषणाची गुंडाळी लपवून आणली आहे. दोघे पाण्यातून पाय भिजवत, सावलीची जागा शोधत निघतात. स्वच्छ, मुलींनी खेळावे असे ते पाणी पाहून फीड्रसला आठवण होते आणि तो विचारतो की, बोरिअसने ओरिथियाला नेले ते इथूनच ना? सॉक्रेटिस शांतपणे सांगतो की, नाही, ती जागा दोन-तीन स्टेडिअम खाली, म्हणजे आपल्या मापाने चार-पाचशे मीटर पुढे, नदी ओलांडण्याच्या ठिकाणी आहे, आणि तिथे बोरिअसची वेदीही आहे. तेव्हा फीड्रस खरा प्रश्न टाकतो: “सॉक्रेटिस, खरे सांगा, ही कथा तुम्ही खरी मानता का?”

श्रोतेहो, तत्त्वज्ञानाने पुराणकथांचा निकाल लावला असता, तर तो लावण्याची याहून चांगली संधी नव्हती. सॉक्रेटिसला ती संधी दिसते, आणि तो ती नाकारतो. तो म्हणतो की, विद्वान लोक अविश्वास दाखवतात तसा मीही दाखवला, तर त्यात विचित्र काही नाही. मग मी असे शहाणपणाचे स्पष्टीकरण देईन की, ओरिथिया आपल्या मैत्रिणीबरोबर खेळत असताना उत्तरेकडून वाऱ्याचा झोत आला, त्याने तिला जवळच्या खडकांवरून खाली लोटले, ती मेली, आणि बोरिअसने नेले असे लोक म्हणू लागले. पण एकदा हा उद्योग सुरू केला की तो संपत नाही. पाठोपाठ अर्धे मनुष्य आणि अर्धे घोडे असलेले सेंटॉर येतात, सिंह, बकरी आणि साप यांचे मिश्रण असलेली कायमीरा येते, केसांऐवजी साप असलेल्या गॉर्गन राक्षसिणी आणि पंखांचे घोडे झुंडीने येतात, आणि प्रत्येकाला पटण्याजोग्या आकारात बसवायचे, तर माणसाला फार फुरसत लागते. मला तेवढी फुरसत नाही, तो सांगतो. कारण डेल्फीच्या मंदिरावर लिहिल्याप्रमाणे स्वतःला ओळखणे मला अजून जमलेले नाही, आणि ते जमण्याआधी परक्या गोष्टींची चौकशी करणे हास्यास्पद आहे. म्हणून या कथांविषयी लोक जे मानतात ते मी मानतो, आणि मी कोण आहे हे पाहतो: टायफॉनपेक्षाही गुंतागुंतीचा आणि चवताळलेला पशू आहे, की अधिक सौम्य आणि साधा प्राणी आहे?

इथे क्षणभर थांबू या. टायफॉन हा झ्यूसशी झुंजलेला, शंभर सर्पमुखांचा राक्षस. हेसिअडच्या काव्यातून तो ग्रीकांना परिचित होता. कथा खरी की खोटी हा वाद सॉक्रेटिसने बाजूला ठेवला, आणि पुढच्याच श्वासात त्याच कथांमधला एक राक्षस स्वतःच्या मनाची मापे घेण्यासाठी वापरला. थेलीसच्या काळी जग कशाचे बनले आहे, या प्रश्नाभोवती कथा आणि विचार यांची ओढाताण होती. सॉक्रेटिसच्या तोंडी कथेचे काम बदलले आहे. पुन्हा एकदा सांगतो: कथा तीच राहिली, तिचे काम बदलले. आणि जाता जाता एक गोष्ट बोलून घेतो. मोबाइलवर रोज पहाटे प्रत्येक व्रताचे आणि प्रत्येक कथेचे ‘शास्त्रीय कारण’ पाठवणाऱ्या मंडळींनी हा उतारा अवश्य वाचावा. कथेतून वाऱ्याचा झोत शोधून काढणाऱ्या त्या हुशारीला सॉक्रेटिस गावठी शहाणपण म्हणतो, आणि ही हुशारी तेव्हाही नवी नव्हती. इटलीच्या टोकावरील रेगिअम गावच्या थिआजिनीसने होमरच्या देवांची भांडणे म्हणजे अग्नी, पाणी इत्यादी तत्त्वांचा झगडा होय, असे त्याच्या कितीतरी आधी सांगून टाकले होते.

पुढे दोघे एका विशाल चिनार वृक्षाखाली बसतात. शेजारी फुललेले झुडूप आपल्या निर्गुडीच्याच कुळातले आहे, आणि डोक्यावर रातकिड्यांचे भाऊबंद शोभतील असे सिकाडा नावाचे कीटक किरकिरत आहेत. ज्याला कथा उलगडायला फुरसत नव्हती, तो सॉक्रेटिस आता स्वतःच कथा सांगू लागतो. हे कीटक पूर्वी माणसे होते. कलादेवता जन्मल्या, गाणे जगात आले, आणि त्या आनंदात ही माणसे खाणेपिणे विसरून मेली. तेव्हापासून ती अन्नावाचून गातात आणि पृथ्वीवर कोण कोणत्या देवतेचा मान राखतो याची खबर वर पोचवतात, तत्त्वज्ञांची खबर कॅलिओपी आणि युरेनिया या दोघींकडे जाते. त्याआधी याच संवादात आत्मा काय आहे, हे सांगण्याची वेळ आली होती, तेव्हाही त्याने व्याख्या केली नाही. ते वर्णन देवालाच झेपेल, माणसाने फक्त तो कशासारखा आहे तेवढे सांगावे, असे म्हणून त्याने सारथी आणि दोन घोडे, एक गुणी आणि एक बेलगाम, असे चित्र उभे केले. कठोपनिषदातला रथ आपल्याला आठवेलच; तिथे घोडे म्हणजे इंद्रिये आहेत, इथे दोन्ही घोडे आत्म्याच्याच आतले आहेत, हा फरक मात्र मोठा आहे.

प्लेटोच्या शिष्याविषयी थोडक्यात सांगायला हवे, कारण वेळ संपत आली आहे. वयाच्या सतराव्या वर्षी प्लेटोच्या विद्यापीठात आलेला आणि तिथे सुमारे वीस वर्षे राहिलेला ॲरिस्टॉटल आपल्या ग्रंथांत कथा रचत नाही. पुराणाच्या रीतीने शहाणपण सांगणाऱ्यांची गंभीर चिकित्सा करण्याचे कारण नाही, असे तो एका ग्रंथात स्पष्ट लिहितो. तरीही त्याच ग्रंथात, कथांवर प्रेम करणारा माणूसही एका अर्थी तत्त्वज्ञच असतो, कारण कथा विस्मयातून घडते आणि तत्त्वज्ञानही विस्मयातूनच सुरू होते, असेही त्याने म्हटले आहे. त्याच्या एका पत्रातले, शैलीविषयीच्या एका जुन्या ग्रंथामुळे टिकून राहिलेले एक वाक्य तर असे आहे की, मी जितका एकटा होत गेलो, तितकी मला कथांची गोडी वाढत गेली. त्या ग्रंथकाराने हे वाक्य शैलीचा नमुना म्हणून उतरवून घेतले होते, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. नमस्कार.