भाता लिहायचा राहिला

(दृश्य: सदाशिव पेठ, सकाळ. तिसऱ्या मजल्याची खिडकी. आतून पेटीचे स्वर.)

काकांचा दिवस पेटीने उजाडतो. वाडा पाडून इमारत झाली, पेटी मात्र तीच आहे. पेटीवादक अप्पा जळगावकरांची साथ समोर बसून ऐकलेली ही पिढी. पेटीत हवा भरणारा भाता किती दाबायचा, कुठे सैल सोडायचा, हे सगळं ती कानाने शिकली. कागदावर कुणी लिहून दिलं नव्हतं.

नात पियानो शिकते, कॅम्पात. तिच्यासाठी काकांनी भूप रागातली एक छोटी रचना केली. उजव्या हाताला चाल, डाव्या हाताला सा-पचा आधार. सत्तरीत पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी शिकले आणि सगळं म्यूझस्कोर नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये उतरवलं. भातखंडे पद्धतीत मंद्राचा बिंदू खाली, तारचा वर; इथे स्वर स्वतःच शिडी चढतो. हे त्यांना लगेच जमलं.

अडलं ते आवाजापाशी. प्रोग्रामसोबत आलेला पियानो ऐकून काका म्हणाले, "स्वर बरोबर आहेत रे, पण लाकूड ऐकू येत नाही."

खरा पियानो घरात आणायचा तर उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या घरात जातो. आणि या जिन्यातून साधं लोखंडी कपाट चढवताना कठडा काढावा लागला होता.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा.)

म्हणून संगणकातला पियानो. यात दोन घराणी आहेत म्हणा. पियानोटेकसारखी वाद्यं तार, हातोडी आणि लाकडी फळी कशी थरथरेल याचं गणित मांडून आवाज जागच्या जागी घडवतात. दुसरीकडे खऱ्या पियानोच्या पट्ट्या वाजवून केलेली ध्वनिमुद्रणं. आम्ही दुसऱ्या घराण्यातला, मोफत मिळणारा सॅलॅमँडर घेतला. यामाहाच्या सी-५ ग्रँड पियानोचं मुद्रण, हलक्या स्पर्शापासून जोरकस आघातापर्यंत १६ थरांत.

जोडणी सोपी आहे असं मी काकांना सांगितलं होतं. म्यूझस्कोरच्या चौथ्या आवृत्तीत एफ-१० दाबलं की मिक्सर उघडतो. तिथे पियानोच्या रकान्यात आवाजाच्या नावावर टिचकी मारायची आणि यादीतून नवं वाद्य निवडायचं. पण यादीत आमचं वाद्य दिसेचना. पहिली संध्याकाळ त्यातच गेली. चूक माझी होती. हा प्रोग्राम फक्त व्हीएसटी-३ प्रकारचं प्लगइन, म्हणजे आत जोडायचा छोटा प्रोग्राम, ओळखतो आणि मी ती ध्वनिमुद्रणं वाजवणारं प्लगइन जुन्या प्रकारातलं टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी योग्य फाइल 'व्हीएसटी३' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, आणि नाव दिसलं. वाद्य वेगळं, स्वतंत्र चालणारं असतं, तर एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्याकडे नेणारी आभासी तार मधे टाकावी लागली असती: विंडोजवर लूपमिडी, मॅकवर आयएसी ड्रायव्हर.

काकांचा प्रश्न वेगळाच होता. "प्रोग्रामकडून वाद्याकडे जातं काय? सूर?"

सूर नाही जात. गवई बसता बसता म्हणतो, "काळी चार." या दोन शब्दांत सूर नसतो, सूर पेटीत असतो, शब्द फक्त जागा दाखवतात. १९८३ साली आलेली मिडी ही भाषा नेमकं हेच करते. पांढरी एकचा मध्य सा म्हणजे ६०. रे ६२, ग ६४, प ६७, ध ६९, तार सा ७२. मधला म आणि वरचा नी भूपात नाहीत, म्हणून ६५ आणि ७१ कुठेच येत नाहीत. काकांनी हे आकडे वहीत सरगमच्या खाली लिहून घेतले.

प्रत्येक स्वरासोबत आणखी एक आकडा जातो, १ ते १२७. पट्टी किती वेगाने खाली गेली त्याचा. सोळा थरांपैकी कुठला वाजायचा, हे तोच ठरवतो.

(दृश्य: नात कानाला हेडफोन लावून ऐकते आहे.)

नवा पियानो वाजला. लाकूड ऐकू आलं. पण रचना सपाट. प्रत्येक स्वर सारख्याच जोराचा, पहिला सा तसाच शेवटचा. नातीने हेडफोन काढला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही भाता लिहिलाच नाहीत."

पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज बदलत नाही. बदलतो तो भात्याने. आयुष्यभर जे डाव्या हाताने केलं, ते कागदावर कुठे येतं हे काकांना माहीतच नव्हतं. पाश्चात्त्य लिपीत त्यासाठी चिन्हं आहेत. 'पी' म्हणजे हळू, 'एफ' म्हणजे जोरात, आणि उघडत जाणारी दुरेघ म्हणजे वाढवत न्या. चिन्ह घातलं की प्रोग्राम तो आकडा बदलून पाठवतो.

काकांनी पहिली दुरेघ चार मात्रांच्या लांब गंधाराखाली ओढली. काही झालं नाही. पेटीवर धरलेला स्वर भात्याने फुलवता येतो. पियानोची तार हातोडी लागून गेली की फक्त विरत जाते, मग तो संगणकातला असो की लाकडाचा. मला यातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटली: अडचण संगणकाची नव्हतीच, वाद्याच्या स्वभावाची होती.

मग काकांनी तो लांब ग मोडला. ग रे ग प ग, असे छोटे स्वर केले आणि दुरेघ त्यांच्याखाली घातली. डाव्या हाताला, स्वर धरून ठेवणाऱ्या पेडलची खूण दिली. मिडीत तो ६४ क्रमांकाचा कंट्रोलर. पेडल दाबला की सा-प एकमेकांत मिसळून मागे राहतात, तंबोऱ्यासारखे नाही, पण त्या दिशेने.

(दृश्य: पेटीचं झाकण उघडं. कॅमेरा डाव्या हातावर.)

आता काका आधी चाल पेटीवर वाजवतात. नात शेजारी छापील कागद घेऊन बसते आणि स्वरांकडे पाहतच नाही. ती आजोबांच्या भात्याकडे पाहते, आणि हात जिथे जोरात दाबतो तिथे पेन्सिलीने खूण करते.