एआय एजंटकडून लिस्टिंग बदलून घेताय? आधी हे बघा

नमस्कार मंडळी. अथणी, निपाणी, चिकोडीकडच्या चप्पलवाल्यांचा सारखा एकच प्रश्न असतो, ऑनलाइन लिस्टिंग, म्हणजे ॲमेझॉनसारख्या दुकानातल्या आपल्या मालाच्या नोंदी, एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः करणाऱ्या एआय प्रोग्रामकडून, बदलून घेता येतात म्हणे, ते कसं? येतात की. पण आधी भावाचा हिशेब बघू, म्हणजे गोची कुठं होते ते कळेल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जोडाला २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी हजारापर्यंत १२ टक्के होता, हजाराच्या वर १८.

[स्क्रीनवर]
मूळ ९०० : कर धरून आधी १००८, आता ९४५
मूळ १२०० : कर धरून आधी १४१६, आता १२६०

बघितलासा? पहिली सव्वासहा टक्क्यांनी उतरली, दुसरी अकरा टक्क्यांनी. आता एजंटला तुम्ही म्हणालात, "सगळ्या चपला दहा टक्क्यांनी स्वस्त कर", तर तो इमानेइतबारे करणार आणि एकही भाव बरोबर येणार नाही. त्यात एका डिझाइनचे चार रंग, सहा नंबर. चोवीस ओळी झाल्या एकाच डिझाइनच्या! हातानं बदलायला बसलं तर रात्र जाते, म्हणून तर एजंट पाहिजे. फक्त त्याला टक्केवारी सांगू नका. मूळ किमतीची शीट द्या आणि कराचा नियम द्या.

आता हे चालतं कसं? एजंट स्वतः तुमच्या सेलर खात्यात शिरत नाही. मधे एक सॉफ्टवेअर असतं, बहुतेक ठिकाणी एमसीपी सर्व्हर. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं तो सगळ्यांसाठी खुला केला. त्या सर्व्हरवर टूल्स असतात : लिस्टिंग वाच, किंमत बदल, स्टॉक बदल, लिस्टिंग काढून टाक. एजंट टूलचं वर्णन वाचतो, काय माहिती भरायची ते बघतो आणि टूल चालवायला सांगतो. मार्केटप्लेसशी बोलणं सर्व्हर करतो, खात्यात शिरायची किल्लीही सर्व्हरकडंच राहते. तेव्हा चॅटमध्ये पासवर्ड लिहायचा नाही, कुणी कितीही सांगू दे. आणि काढून टाकायचं टूल सरळ बंद करून ठेवा. भाव बदलायला त्याचं काय काम?

खरी मेख इथून पुढं आहे.

लिस्टिंग बदलायच्या दोन तऱ्हा. ॲमेझॉनच्या लिस्टिंग एपीआयमध्ये (एपीआय म्हणजे सॉफ्टवेअरनं दुकानाशी बोलायची वाट) दोन्ही आहेत, एक पुट आणि एक पॅच. कारागिराकडं कान तुटलेली चप्पल नेली आणि त्यानं नुसता कान बदलून दिला, ते पॅच. पुट म्हणजे तुम्ही सांगाल तेवढ्यावर अख्खी चप्पल नव्यानं शिवणं, गोंडा सांगायचा राहिला की गोंडा गेला. ईबेच्या इन्व्हेंटरी एपीआयमधला आयटम बदलायचा कॉलही असाच सगळं नव्यानं लिहितो. बदलायची असते किंमत, आणि पाठवलेल्या मजकुरात वर्णन नसलं की वर्णन कोरं. म्हणून टूल घेताना विकणाऱ्याला हेच विचारा : तुमचं टूल पॅच करतं का पुट? त्याला सांगता येत नसेल तर दुसरीकडं बघा.

[स्क्रीनवर, एजंटला दिलेली सूचना]
"आधी लिस्टिंग वाच. फक्त किंमत बदलायची आहे. जुनी आणि नवी किंमत शेजारी शेजारी दाखव. मी हो म्हणेपर्यंत काही पाठवू नको. पाठवल्यावर लिस्टिंग परत वाचून दाखव."

शेवटचं वाक्य गाळू नका. ॲमेझॉनकडून "स्वीकारलं" असं उत्तर आलं म्हणजे मजकूर पोचला, एवढंच. दुकानात तो दिसायला वेळ लागतो, मधे एखादी चूक निघून अडकूही शकतो. एजंट मात्र "झालं साहेब" म्हणून मोकळा. ॲमेझॉनवर आधी नुसती तपासणी करून बघायचीही सोय आहे, व्हॅलिडेशन प्रिव्ह्यू म्हणतात. टूलमध्ये ती असेल तर वापरा.

आता आपल्या भागातली भानगड. एजंटला किमतीबरोबर "वर्णनही जरा चांगलं कर" म्हणालात की तो मसाला घालायला लागतो. कोल्हापुरी शब्द दिसला, मजकूर मराठी दिसला, की ठोकून देतो : "महाराष्ट्रातील कारागिरांनी बनवलेली". अहो, माल अथणीचा! तुमचा जीएसटी नंबर कर्नाटकाच्या २९ नं सुरू होतो, महाराष्ट्राच्या २७ नं नाही. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कागलला पार्सल गेलं तरी आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी, लागतो, आणि लिस्टिंगवर मात्र राज्य भलतंच.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांचं आहे. बेळगाव त्यात आहेच, त्यामुळं लपवण्यासारखं काही नाही. उलट "अथणी, जि. बेळगाव, कर्नाटक" ठसठशीत लिहा. पण एजंटनं स्वतःच्या मनानं "जीआय प्रमाणित" लिहिलं असेल तर खोडा. तो टॅग वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसतं बेळगाव जिल्ह्यात असून भागत नाही. माझं मत विचाराल तर वर्णन आणि किंमत एका दमात बदलूच नका. किंमत एजंटकडून करून घ्या, वर्णन स्वतः लिहा.

पहिला प्रयोग थोडा माल उरलेल्या एखाद्या डिझाइनवर करा. तेव्हाही स्टॉकच्या आकड्याला हात लावू देऊ नका. एजंटनं वाचला तेव्हा पाच जोड होते, तुम्ही चहा घेऊन "हो" म्हणेपर्यंत एक विकला गेला, आणि त्यानं परत पाच लिहिले, तर शेवटच्या गिऱ्हाइकाला ऑर्डर रद्द केल्याचा मेसेज तुम्हालाच पाठवावा लागेल.