लिटल वॉल्टर : ओंजळीतला माउथऑर्गन

१९४०च्या दशकाच्या मध्यास शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवरील गजबजलेल्या बाजारात एक किशोरवयीन मुलगा माउथऑर्गन वाजवत असे. लुइझियाना राज्यातील मार्क्सव्हिल येथे जन्मलेला हा मॅरियन वॉल्टर जेकब्ज लहानपणीच शाळा सोडून घराबाहेर पडला आणि न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, सेंट लुइस अशी शहरे पालथी घालत, मिळेल तेथे वाजवत उत्तरेकडे आला होता. पुढे त्याला सारे ‘लिटल वॉल्टर’ म्हणू लागले.

शिकागोच्या बारमध्ये त्या काळी विजेवरच्या गिटारी आणि ड्रम यांचा एवढा दणदणाट असे की, दहा छिद्रांच्या या चिमुकल्या वाद्याचा आवाज त्यात सहज बुडून जाई. वॉल्टरने साधा मायक्रोफोन माउथऑर्गनसह ओंजळीत घट्ट धरला आणि अँप्लिफायरला जोडला. असे करणारा तो पहिलाच नव्हता. मात्र इतरांना प्रामुख्याने आवाज मोठा करायचा होता, तर याने अँप्लिफायरची खरखर आणि घोगरेपणा हाच वाद्याचा नवा गळा मानला. ओंजळ किंचित उघडली की नाद मोकळा होई, मिटली की दाटून येई.

ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकाराचे वादक बहुधा ‘ए’ पट्टीचा माउथऑर्गन घेऊन ‘ई’ पट्टीत वाजवतात, कारण त्यामुळे महत्त्वाचे स्वर श्वास आत ओढताना निघतात आणि जिभेच्या व घशाच्या हालचालीने ते खाली उतरवता येतात. आपल्या कानांना मींडेची आठवण व्हावी, अशी ही घसरण असते.

१२ मे १९५२ रोजी, ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सच्या बँडमधील सहकाऱ्यांना घेऊन त्याने ‘ज्यूक’ ही शब्दांविना असलेली धून ध्वनिमुद्रित केली. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत ती आठ आठवडे अग्रस्थानी राहिली; वॉल्टर तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. त्याने मडीचा बँड सोडून ‘द एसेस’ या बँडमधील तयार मंडळींना हाताशी धरले. १९५५ मध्ये गीतकार विली डिक्सन यांच्या ‘माय बेब’ या गाण्याने त्याला पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेले, या गाण्याची चाल एका जुन्या भक्तिगीतावर बेतलेली होती, हे विशेष.

उतरण मात्र वेगाने आली. दारू आणि तापट स्वभाव यांनी त्याचे वाजवणेही पोखरले. फेब्रुवारी १९६८ मध्ये एका क्लबमधील मध्यंतरात मारामारी झाली आणि १५ फेब्रुवारीला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, झोपेतच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९९१ साल उजाडावे लागले.