जुनं स्टेडियम पाडायचं की दुरुस्त करायचं?

नमस्कार मंडळी. विषय तसा लांबचा आहे, अमेरिकेतल्या कॉलेजांची बेसबॉल स्टेडियमं, पण ज्यांच्या सोसायटीत रिपेअर की रिडेव्हलपमेंट यावरून मीटिंगा रात्री उशिरापर्यंत चालल्यात त्यांना हा वाद सांगायला नको. तिथेही स्ट्रक्चरल ऑडिट, तिथेही दोन गट आणि तिथेही खरा प्रश्न पैशाचाच.

सुरुवात मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिल गावापासून करतो. तिथे मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीचं डूडी नोबल फील्ड आहे, या जागेवर १९६७ पासून. लेफ्ट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या बॅटरपासून लांबच्या डाव्या बाजूच्या, कुंपणामागे लोक पूर्वी आपले जुने ट्रक, ट्रेलर आणून उभे करायचे, त्यावर बाकडी ठोकायची, बाजूला शेगडी पेटवायची, मांस भाजत भाजत दिवसभर मॅच बघायची. याला लेफ्ट फील्ड लाउंज म्हणतात आणि ती जागा घराण्यात चालत आलेली असते, आजोबांची जागा नातवाकडे. आता अशा ठिकाणी एखादा कन्सल्टंट येऊन म्हणाला की गावाबाहेर मोकळी जमीन आहे, तिकडे चकाचक नवं बांधू, तर त्याच्या हिशोबात या शेगडीची किंमत कुठल्या कॉलममध्ये येणार?

त्यांनी जागा सोडली नाही. २०१७ चा सीझन संपल्यावर मुख्य स्टँड पाडला, मैदान होतं तिथेच ठेवलं, २०१८ चा सीझन अर्धवट बांधकामातच खेळले आणि २०१९ ला काम पूर्ण झालं. खर्च साधारण ६ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे स्वस्तात अजिबात झालेलं नाही. लाउंजमधले वेडेवाकडे ट्रेलर गेले, त्यांच्या जागी एकसारखे पक्के सांगाडे आले, काही जुन्या लोकांना ते आवडलं नाही आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण माणसं आणि शेगड्या तिथेच राहिल्या. २०१४ मध्ये ओल मिस (त्याच राज्यातली प्रतिस्पर्धी युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी) विरुद्धच्या मॅचला १५,५८६ लोक आले होते, कॉलेज कॅम्पसवरच्या बेसबॉल मॅचचा तो विक्रम होता, आणि तो २०२३ मध्ये त्याच मैदानावर, त्याच ओल मिस विरुद्ध मोडला, १६,४२३ लोक. मधल्या काळात २०२१ ला टीमने राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं, युनिव्हर्सिटीचं कुठल्याही सांघिक खेळातलं पहिलं.

आता स्टेडियम म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. काँक्रीटच्या भेगांतून पाणी आत जातं, सळी गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट खपल्यांसारखं सुटायला लागतं, हे आपल्याकडच्या बाल्कनीखाली उभं राहून कुणीही बघितलेलं आहे. ते दुरुस्त होतं, पण वेळेत हात घातला तर. खरी अडचण बाकीच्या गोष्टींची असते. स्टँडमागची येण्याजाण्याची वाट अरुंद, बायकांची टॉयलेट अपुरी, व्हीलचेअरवरच्या माणसाला बसायला धड जागा नाही. अमेरिकेत १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे, जुन्या बांधकामात मोठा बदल करायला घेतला की तो बदललेला भाग त्या कायद्यात बसवावाच लागतो, आणि तसा तो बसवलाच पाहिजे, तिथे खर्चाचं रडगाणं नको.

पण मैदान स्वतः फारसं म्हातारं होत नाही हे लोक विसरतात. बेसबॉलच्या नियमपुस्तकातच सुचवलंय की होम प्लेटकडून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, पिचरवरून (चेंडू टाकणाऱ्यावरून) समोरच्या सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे दुपारनंतरचा सूर्य बॅटरच्या डोळ्यात जात नाही आणि होम प्लेटमागे बसलेल्या प्रेक्षकांच्याही पाठीशी राहतो. ज्यांनी जुनं मैदान असं नीट मांडलं त्यांनी अर्धं काम करून ठेवलंय, ते उखडायचं कशाला? स्टॅनफर्डचं सन्कन डायमंड बघा, १९२१ मध्ये फुटबॉल स्टेडियमच्या भरावासाठी माती काढली, त्या खड्ड्यात १९३१ ला बेसबॉल सुरू झालं आणि अजून तिथेच चालू आहे.

नवं बांधणं नेहमी चूक असं मी म्हणत नाही. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं अ‍ॅलेक्स बॉक्स स्टेडियम १९३८ चं, दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत मारल्या गेलेल्या त्यांच्याच एका खेळाडूचं नाव त्याला दिलेलं. त्यांनी २००९ ला नवं बांधलं, पण कुठे, तर जुन्यापासून जेमतेम दोनशे यार्डांवर, नाव तेच, आणि राइट फील्डमागचा विजेतेपदांची वर्षं लिहिलेला तो अवाढव्य फलक, तसाच नव्या जागीही उभा केला. पहिल्याच वर्षी चॅम्पियन झाले. याला मी जागा सोडणं म्हणतच नाही. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात मात्र खरोखर सोडलं. रोझेनब्लॅट स्टेडियममध्ये १९५० ते २०१० कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाची अंतिम स्पर्धा, झाली, २०११ पासून ती शहराच्या मध्यवर्ती भागातल्या नव्या स्टेडियममध्ये गेली, जुनं पाडलं आणि जमीन शेजारच्या प्राणिसंग्रहालयाकडे गेली. सिरीज पुढची कित्येक वर्षं ओमाहातच राहील हे पक्कं झालं, शहराने हिशोब बरोबर केला, पण भोवतीच्या वस्तीतली जूनमधली ती जत्रा उठली ती उठलीच.

आपलं वानखेडे घ्या. २०११ च्या वर्ल्ड कपसाठी नवं रूप दिलं, जागा तीच चर्चगेटजवळची, क्षमता कमी होऊन साधारण ३३ हजारांवर आली, तरी लोकलने उतरून चालत जाता येतं ही गोष्ट टिकली, आणि ती फार मोठी आहे.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. देणगीदाराला आपलं नाव नव्या इमारतीवर हवं असतं, ड्रेनेजच्या पाइपवर कुणी नाव मागत नाही, त्यामुळे दुरुस्ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते आणि मग एक दिवस सांगतात की आता पाडण्याशिवाय पर्याय नाही. अहो, पर्याय तुम्हीच संपवलात ना! त्यात जुलै २०२५ पासून अमेरिकन कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २ कोटी डॉलरच्या थोडं वरपर्यंत, आणि ते योग्यच आहे कारण खेळतात ती पोरं. पण त्यामुळे बांधकामाची तिजोरी आटणार, अशा वेळी टप्प्याटप्प्याने दुरुस्ती हाच बहुतेकांसाठी शहाणा रस्ता आहे. सीझन फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो, मध्ये सात-आठ महिने हातात असतात. पहिल्या वर्षी ड्रेनेज, गंजलेल्या सळ्या आणि टॉयलेट, दुसऱ्या वर्षी रॅम्प आणि मागची वाट रुंद करणं, आणि श्रीमंतांचे काचेचे बॉक्स सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.