राक्षसांना नावं ठेवताना

हातात मावेल एवढं प्लास्टिकचं खेळणं. हाँगकाँगमध्ये बनलेलं आणि अमेरिकेतल्या स्वस्त दुकानांत पिशवीतून विकलं जाणारं. पिशवीवर लिहिलेलं असायचं ‘प्रागैतिहासिक प्राणी’. आतले जीव मात्र पृथ्वीवर कुठल्याच काळात होऊन गेलेले नाहीत.

१९७०च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स आणि मंडळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, कल्पनेतल्या साहसांचा खेळ खेळायची (गायगॅक्स त्याच्या जनकांपैकी एक), तेव्हा टेबलावर राक्षस म्हणून अशीच खेळणी यायची. त्यातल्या एकाचा आकार पाहून खेळणाऱ्यांनी त्याला म्हटलं, बुलेट. बंदुकीची गोळी! मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचा फरक. ही मंडळी दोन्ही एकदमच करत होती.

१९७६ साली अशा खेळांना वाहिलेल्या ‘द ड्रॅगन’ नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. संपादक टिम कास्क यांनी या प्राण्याला त्यात रीतसर जागा दिली. नाव तेच, फक्त स्पेलिंगला फ्रेंच वळण आणि उच्चार ‘बुले’. टोपणनावाला कोट-टाय चढवला म्हणा ना. पण तेच स्पेलिंग बर्लिनच्या माणसासमोर ठेवलं, तर त्याला खिम्याची तळलेली टिक्की आठवते.

हा प्राणी जमीन पोखरत येतो. खेळातल्या जमातींपैकी बुटके हाफलिंग आणि त्यांची तट्टं त्याला फार प्रिय, एल्फ मात्र रुचत नाहीत. याचं दुसरं नाव लँडशार्क. १९७५मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात घरोघरी दार ठोठावणारा एक लँड शार्क गाजला होता, त्याचंच हे नाव.

आता जपान. कॅपकॉम कंपनीचा ‘मॉन्स्टर हंटर’ हा राक्षसांची शिकार करायचा व्हिडिओ गेम २००४ साली आला. त्याच्या मालिकेत पुढे २००९मध्ये डेव्हिलजो नावाचा राक्षस अवतरला. हिरवा, अंगभर गाठी, भूक अशी की स्वतःची तुटलेली शेपूटही सोडत नाही. जपानी खेळाडूंनी त्याचं नाव ठेवलं ‘गोया’, म्हणजे कारलं! इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याला ‘पिकल’ म्हटलं. तिकडचं पिकल म्हणजे बरणीतली आंबवलेली काकडी, आपल्या कैरीच्या फोडी नव्हेत.

पण माझं लाडकं नाव वेगळंच आहे. यान कुक्कू हा याच खेळातला मोठ्या कानांचा, पक्ष्यासारखा राक्षस. नवख्या शिकाऱ्याची पहिली मोठी झुंज बऱ्याचदा याच्याशीच होते. अंगावर धावून येणं, आग थुंकणं, शेपूट फिरवणं... पुढचे थोर राक्षस जे जे करणार, ते हा छोट्या मापात करून दाखवतो. म्हणून जपानी खेळाडू त्याला म्हणतात ‘कुक्कू सेन्सेई’. कुक्कू गुरुजी. हे नाव मार खाता खाता पडलंय.

विद्या पुरती अंगात मुरली, की शिष्य गुरुजींना लोळवतो, त्यांच्याच खवल्यांचं चिलखत करून घालतो आणि पुढच्या शिकारीला निघतो. गुरुदक्षिणा इथे उलटी असते.