ऑस्बर्नच्या भिंतीवरचा मोर

(फेरीच्या कठड्यावरून. समोर झाडीत दोन मनोरे.)

साउथॅम्प्टनहून सुटलेली फेरी तासाभरात ईस्ट काउझच्या धक्क्याला लागते. हे आइल ऑफ वाइट बेट. गर्द झाडीच्या वर डोकावणारे दोन मनोरे म्हणजे ऑस्बर्न हाउस, राणी व्हिक्टोरियाचं समुद्राकाठचं खासगी घर.

१८४५ मध्ये राणीनं आणि प्रिन्स आल्बर्टनं ही मिळकत विकत घेतली. जुनं घर वाढत्या कुटुंबाला पुरेना. ते पाडून आल्बर्टनं थॉमस क्युबिट या बांधकाम व्यावसायिकाच्या मदतीनं इटालियन धाटणीचं नवं घर उभारलं. समोरचा समुद्र पाहून त्याला नेपल्सची आठवण व्हायची. लांबून या भिंती दगडी वाटतात. जवळ गेलात की कळतं, हा विटांवरचा सिमेंटचा गिलावा आहे.

(मुलांची बाग. छपराखाली ओळीनं ठेवलेल्या छोट्या हातगाड्या.)

घरापासून थोडं चालत गेलं की स्विस कॉटेज लागतं. हे खास राजपुत्र-राजकन्यांसाठी बांधलेलं. प्रत्येकाचा वेगळा वाफा, वेगळी अवजारं आणि ही एकचाकी गाडी. गाडीवर ज्याच्या त्याच्या नावाची आद्याक्षरं रंगवलेली आहेत. मुलं भाजी पिकवायची आणि आल्बर्ट ती बाजारभावानं विकत घ्यायचा.

(किनारा. चाकांची लाकडी खोली.)

ही राणीची स्नानाची गाडी. आत बसून कपडे बदलायचे, गाडी उतारावरून पाण्यात न्यायची आणि तिथूनच समुद्रात उतरायचं. १८४७ मध्ये राणी इथं पहिल्यांदा समुद्रात डुंबली.

(दार उघडतं. दरबार हॉल. कॅमेरा छताकडे.)

आता जरा सावकाश पाहू या.

पांढरं छत, खोल कोरीव चौकटी आणि चौकटींत पुन्हा जाळी. खांब, कमानी, वेलबुट्टी. डोळा टेकायला मोकळी जागा नाही. भिंतीवर आपला गणपती आहे. आणि शेकोटीच्या वर हा मोर, पिसारा उलगडून बसलेला. त्याचं एकेक पीस पाहा.

व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी होती, हिंदुस्थानात मात्र ती कधीच आली नाही. तिचा हिंदुस्थान इथं, या खोलीत उभा केला गेला, आणि तो उभा करणारे हात पंजाबच्या एका सुताराचे होते. त्यांचं नाव भाई रामसिंग.

रामसिंग यांचा जन्म १८५८ चा, गुरदासपूर जिल्ह्यातला. घराणं सुतारकीचं. पोरवयात हातात पटाशी आली, ती लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्येही सुटली नाही. तिथले प्राचार्य लॉकवूड किपलिंग. हे नाव मुंबईकरांच्या जवळचं आहे, कारण लाहोरला जाण्याआधी ते दहा वर्षं जे. जे. स्कूलमध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांचीच. तिथं भाजी घ्यायला गेलात तर एकदा मान वर करून पाहा.

राणीच्या मुलानं, ड्यूक ऑफ कॉनॉटनं, आपल्या बॅगशॉट पार्कमधल्या बिलियर्ड रूमचं काम या गुरुशिष्यांकडून करून घेतलं होतं. राणीला ऑस्बर्नला मोठी मेजवानीची खोली हवी होती. तेव्हा पुन्हा त्यांनाच बोलावणं गेलं, आणि १८९१ च्या सुरुवातीला रामसिंग इंग्लंडला आले.

(नक्षीच्या कडेचा अगदी जवळचा शॉट.)

हे लाकूड नाही. हे प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याचं ओतीव काम. रामसिंग नक्षी रेखाटायचे, लाकडात साचे कोरायचे आणि लंडनचे कारागीर त्या साच्यांतून तुकडे काढायचे. मग ते तुकडे भिंतीवर, छतावर सांधा न दिसेल असे बसवायचे. हाताला सवय लाकूड कोरण्याची, आणि इथं माध्यम परकं. तरीही वेलीचं वळण कुठं मोडलेलं नाही. छतावरची एखादी पाकळी नीट बघा, पटाशीचा घाव ओळखू येतो.

लाहोरला परतल्यावर पुढे रामसिंग याच मेयो स्कूलचे प्राचार्य झाले. अमृतसरचं खालसा कॉलेज त्यांच्याच आराखड्यानं उभं राहिलं. इतका मोठा वास्तुकार, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ नाही. ती यायला हवी.

(दरबार हॉलकडे जाणारा बोळ. दोन्ही बाजूंना चित्रं.)

या बोळातली ही चित्रं ऑस्ट्रियन चित्रकार रुडॉल्फ स्वोबोदाची. सुरुवातीची माणसं १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनाला आणलेले कारागीर आहेत. हा बक्षीराम, आग्र्याचा कुंभार. हा रामलाल, गालिचे विणणारा लहानगा पोर. यांतल्या बहुतेकांनी हे कसब आग्र्याच्या तुरुंगात शिकलेलं.

(राणीची शयनगृहाची खोली. पलंग.)

२२ जानेवारी १९०१ ला राणी याच घरात वारली. तिला उर्दू शिकवणारे मुन्शी अब्दुल करीम यांची पत्रं जाळली गेली, त्यांना आग्र्याला परत पाठवलं गेलं. पुढच्या वर्षी नव्या राजानं ऑस्बर्न देशाला देऊन टाकलं.

(पुन्हा बोळ. एका चित्रापाशी कॅमेरा थांबतो.)

पगडी, काळी दाढी, शांत नजर. स्वोबोदानं हे चित्र १८९२ मध्ये काढलं, राणीच्या सांगण्यावरून. हे भाई रामसिंग. इथून थोडं पुढं गेलं की त्यांचा मोर.